थ्रीडी छापील युद्धनौकेच्या बुडातली वारंवार येणारी गळती : पाणी दिसते तेथे गळती नसते

तक्रार नेहमी एकाच स्वरूपाची असते. छंदातली छोटी नौका तळ्यावरून घरी आणली, आतले पाणी टिपून घेतले, जिथे ओल दिसली तिथे इपॉक्सी (कडक वाळणारा राळेचा गोंद) भरले, न्हाणीघरातल्या टबमध्ये तासभर तरंगत ठेवली आणि आत थेंबही आला नाही. तरीही पुढच्या लढाईत, एकही गोळी लागण्यापूर्वी, ती एका अंगाला कलू लागली आणि पंप सुरू असूनही कल सरळ होईना. माझ्या नौकेच्या बाबतीत हे दोन हंगामांत चार वेळा घडले. पहिले तीन वेळा मी जिथे ओल दिसली तिथेच दुरुस्ती करत राहिलो, आणि तिथेच माझी चूक होत होती.

संदर्भासाठी थोडक्यात सांगतो. १:१४४ प्रमाणातल्या रेडिओ-नियंत्रित युद्धनौकांच्या लढाईचा हा छंद १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टेक्ससमध्ये सुरू झाला. नौकेवरच्या तोफा कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाने गोळ्या झाडतात. आमच्या ‘फास्ट गन’ प्रकारात या गोळ्या छऱ्याच्या बंदुकीत घालतात तशा, सुमारे साडेचार मिलिमीटर व्यासाच्या असतात. नौकेच्या दोन्ही बाजू बरगड्यांवर चिकटवलेल्या सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीच्या बाल्सा लाकडाच्या असतात, कारण गोळी आरपार गेली पाहिजे आणि भोके मोजता आली पाहिजेत. पाणरेषेच्या वर असलेल्या भोकाचे दहा गुण, पाणरेषेलगतच्या भोकाचे पंचवीस आणि पाणरेषेखालच्या भोकाचे पन्नास, असा हिशेब असतो. पंपाच्या तोंडाचा व्यासही नियमाने एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास बांधलेला असल्यामुळे पंपाची ताकद हीच नौकेची उरलेली आयुष्यरेषा असते. ती स्वतःच्याच बुडातल्या गळतीवर खर्च झाली, तर शत्रूने पाडलेल्या भोकांसाठी काही शिल्लक राहत नाही.

माझी नौका म्हणजे जर्मन बॅटलक्रूझर ‘फॉन डेर टान’, म्हणजे १९१६ मधल्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिश ‘इंडिफॅटिगेबल’ला बुडवणारी नौका. मूळ लांबी १७१.७ मीटर आणि रुंदी २६.६ मीटर, म्हणजे प्रतिकृती ११९२ मिलिमीटर लांब आणि १८५ मिलिमीटर रुंद. मूळ विस्थापन सुमारे १९,३७० टन. त्याला १४४ च्या घनाने भागले की साडेसहा किलो येते. माझ्या प्रिंटरचा पाट २२० मिलिमीटर चौरस आणि उंची २५० मिलिमीटर, त्यामुळे सांगाडा पाच तुकड्यांत, लांबीची दिशा उभी ठेवून छापला. पाच तुकडे म्हणजे चार सांधे, आणि साहजिकच संशय आधी सांध्यांवर गेला.

सांध्यांकडे वळण्यापूर्वी साधी कारणे वगळावीत, कारण ती वगळायला अर्धा तास पुरतो. शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) नळी आणि सुकाणूची नळी यांत ग्रीस आहे का, हे पाहावे. नौका पाण्यात ठेवून मोटार चालू असताना आणि बंद असताना नळीच्या आतल्या टोकाशी कागदी रुमाल धरावा. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड नौका कलल्यावर पाण्याखाली जाते का, हेही पाहावे, कारण पंप थांबल्यावर तीच नळी वक्रनलिकेसारखी उलटी चालते आणि पाणी आत ओढते. तोंड डेकच्या पातळीवर आणले की हा प्रश्न कायमचा मिटतो. बाल्साच्या कातडीची खालची कड हाही नेहमीचा आरोपी आहे. परंतु तिथली गळती आतून स्पष्ट दिसते आणि कातडी बदलली की जाते. तिथे गूढ काही नसते.

गूढ सुरू होते ते छापील भिंतीच्या आत. लाकडी किंवा फायबरग्लासच्या बुडात पाणी जिथून शिरते, साधारण तिथेच आत दिसते. छापील बूड मात्र एकसंध नसते. माझी भिंत चार मिलिमीटर जाड होती. बाहेरच्या बाजूने प्लॅस्टिकच्या दोन रेघा, आतल्या बाजूने दोन रेघा, आणि मधल्या सव्वादोन मिलिमीटर पोकळीत पंधरा टक्के भरावाची जाळी. म्हणजे व्यवहारात ती भिंत नसून एक चपटी टाकी होती. नाळेजवळच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाजवळच्या, सूक्ष्म फटीतून पाणी या टाकीत शिरते, जाळीतून वाट काढत मधल्या तोफेच्या खाली जाते आणि तिथे आतली कातडी जिथे कमकुवत असेल तिथून थेंबाथेंबाने बाहेर पडते. आपण मधल्या तोफेखाली इपॉक्सी लावतो. त्याने पाणी थांबत नाही, फक्त कोंडले जाते आणि दुसरी वाट शोधते. टबमधल्या चाचणीत आत थेंब न दिसण्याचे कारण हेच: तासाभरात टाकी भरत होती, सांडत नव्हती.

किती पाणी मावते, याचा अंदाज काढला तेव्हा मीच थक्क झालो. बुडाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ०.१६५ चौरस मीटर. त्याला पोकळीच्या जाडीने गुणून जाळीचा वाटा वजा केला की सुमारे तीनशे मिलिलिटर येतात. इतक्या पाण्याने नौका जेमतेम दोन मिलिमीटर खाली बसते, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही. पण ते पाणी एकाच बाजूच्या तुकड्यात साचले, तर कल लगेच दिसतो, आणि पंप तर भिंतीच्या आत पोहोचूच शकत नाही. पंप धडधडत असताना कोरड्या बुडाची नौका कललेली दिसते, यामागचे कोडे एवढेच आहे.

म्हणून निदानाची पहिली पायरी डोळ्यांनी नव्हे, काट्याने करावी. तोफा, बॅटरी, वायूची बाटली, बाल्सा असे सर्व काढून नुसता छापील सांगाडा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावा, ग्रॅमपर्यंतचा आकडा लिहून ठेवावा, सांगाडा नेहमीच्या पाणरेषेपर्यंत बुडेल अशा बेताने वजने ठेवून रात्रभर पाण्यात ठेवावा, सकाळी आतून-बाहेरून पुसून पुन्हा तोलावा. बाल्सा काढणे आवश्यक आहे, कारण बाल्सा स्वतःच पाणी पिते आणि आकडा फसवा येतो. दोन-तीन ग्रॅमचा फरक पृष्ठभागावरच्या ओलीचा असतो. माझ्या सांगाड्याचा फरक ११८ ग्रॅम आला, आणि बुडाच्या आत एक थेंबही नव्हता.

दुसरी पायरी पाणी शिरण्याची जागा शोधण्याची. यासाठी पाणी आत घालण्यापेक्षा हवा आत घालणे सोपे जाते. प्रत्येक तुकड्याच्या भिंतीत आतल्या बाजूने, पाणरेषेच्या वर, तीन मिलिमीटरचे एक भोक पोकळीपर्यंतच पाडावे. त्यात मत्स्यपेटीच्या पंपाची मऊ नळी घट्ट बसवावी, सांगाड्यावर बाहेरून साबणाचे पाणी ब्रशने लावावे आणि नळीतून तोंडाने हळू फुंकावे. जिथे बुडबुडे येतील ती पाणी शिरण्याची खरी जागा. पेन्सिलने खूण करावी. कॉम्प्रेसर वापरण्याचा मोह टाळावा. भिंतीचे थर त्याने सुटतात आणि नसलेल्या गळत्या निर्माण होतात, हे मी एका तुकड्याची किंमत मोजून शिकलो आहे. एक अडचण मात्र आहे. भरावाची जाळी चौकटीच्या नक्षीची असेल, तर प्रत्येक खण वेगळा बंद असतो आणि एका भोकातून फुंकलेली हवा सगळीकडे जात नाही. गायरॉइड नावाच्या लाटांसारख्या वळणदार नक्षीत पोकळी सलग असते, त्यामुळे एक भोक पूर्ण तुकड्याला पुरते.

माझ्या सांगाड्यावर बुडबुडे तीन ठिकाणी आले, आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी निघाली.

पहिली जागा नाळेच्या टोकाजवळ होती. तिचे मूळ प्रिंटरमध्ये नसून संगणकातल्या आराखड्यात होते. जहाजाच्या रेखाचित्रावरून मी छेदरेषा काढून घेतल्या, त्यांवर पृष्ठभाग ताणला आणि तो चार मिलिमीटर आत सरकवून जाडी दिली. बूड रुंद असते तिथे हे निर्धोक असते. नाळेशी दोन्ही बाजू इतक्या जवळ येतात की डावीकडून आत सरकलेला पृष्ठभाग उजवीकडच्या पृष्ठभागाला छेदतो, आणि स्लायसरला (आराखड्याचे छपाईच्या थरांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) अशा एकमेकांत घुसलेल्या आकाराचा अर्थ लागत नाही. तो काही थरांत भरीव छापतो, तर काही थरांत मधेच फट सोडतो. स्लायसरमध्ये एकेक थर सरकवत पाहिले असते, तर ही फट छापण्यापूर्वीच दिसली असती. उपाय सोपा आहे: नाळेपासून तीस-चाळीस मिलिमीटर आणि पिछाडीचे अरुंद टोक, हे भाग आराखड्यातच भरीव ठेवावेत.

दुसरी जागा एका तुकड्याच्या बाजूने सरळ वर जाणारी रेघ होती. प्रत्येक थराची सुरुवात आणि शेवट जिथे होतो ते टाके एकावर एक आले की अशी शिवण तयार होते. दिसायला नीट दिसावी म्हणून मी ती मुद्दाम एका ओळीत ठेवली होती, आणि ती नेमकी पाणरेषेखालच्या वळणावर आली होती. शिवण बरगडीच्या आतल्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे पाण्याचा थेट संबंध येत नाही तिथे ढकलता येते. तेवढे केले तरी पुरे. फिलामेंट (छपाईची प्लॅस्टिकची तार) दमट असेल, तर अशा शिवणीजवळ बुडबुडे फुटून छिद्रे वाढतात, म्हणून रीळ आधी वाळवून घ्यावे.

तिसरी जागा म्हणजे मागून दुसरा सांधा. दर उन्हाळ्यात परत उघडणारा हाच. यावर जास्त बोलावे लागेल, कारण अनेकांच्या नौकांमध्ये हीच रचना आहे. पाचही तुकडे एका रेषेत राहावेत म्हणून मी त्यांच्या आतून लांबीभर दोन पोलादी आटेदार सळ्या घालून दोन्ही टोकांना नट आवळले होते. दिसायला ही रचना भक्कम वाटते. पण माझा सांगाडा ज्याचा होता ते पीएलए प्लॅस्टिक उष्णतेने पोलादाच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. तापमान तीस अंशांनी वाढले की सव्वा मीटरच्या सांगाड्याला सुमारे २.४ मिलिमीटर वाढायचे असते, तर सळी ०.४ मिलिमीटरच वाढते. उरलेले दोन मिलिमीटर प्लॅस्टिकला दाबून धरले जातात. थंडीत हे चालून जाते. टेक्ससमध्ये जुलैत तळ्याकाठी बंद उभ्या केलेल्या गाडीत मात्र तापमान साठ अंशांच्या घरात सहज जाते, आणि पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांनाच मऊ पडू लागते. मऊ झालेले, दाबाखालचे प्लॅस्टिक हळूहळू दबते आणि तशाच आखूड आकारात स्थिरावते. मग आपण नौका गार पाण्यात सोडतो. सांगाडा आकसतो, पण आता तो मुळातच आखूड झालेला असतो, नटांची पकड सैल होते आणि सर्वांत कमकुवत सांधा केसभर उघडतो. संध्याकाळी घरी येऊन मी तो इपॉक्सीने भरत असे आणि नट पुन्हा आवळत असे, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची तयारी स्वतःच करून ठेवत असे. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत पीएलएची कोणतीही नौका ठेवणाऱ्याला हाच अनुभव येईल.

कोकणात लाकडी होडी हंगामाच्या सुरुवातीला पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात आणि फटी आपोआप आवळल्या जातात. प्लॅस्टिक फुगून फट बुजवत नाही, त्यामुळे लाकडाच्या अनुभवावरून आलेले ‘दोन दिवस पाण्यात राहू द्या, बसेल’ हे मत इथे निरुपयोगी आहे.

सळ्या मी काढून टाकल्या. तुकडे सरळ रेषेत येण्यासाठी सळीची गरज फक्त इपॉक्सी वाळेपर्यंत असते. नंतर सांध्याचा भार आतून चिकटवलेल्या फायबरग्लासच्या पट्टीने पेलला पाहिजे. दोन्ही तुकड्यांवर मिळून पन्नास मिलिमीटर रुंदीची पट्टी, पातळ इपॉक्सीत भिजवून, सांध्याच्या आतल्या पूर्ण घेरात बसवावी. त्याआधी पृष्ठभाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करणे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे टाळू नये, विशेषतः पीईटीजी (छपाईचे दुसरे एक प्लॅस्टिक) असेल तर, कारण त्याच्या गुळगुळीत अंगावर इपॉक्सी नुसते पापडासारखे बसते आणि पापडासारखेच सुटते. पाच मिनिटांत वाळणारे इपॉक्सी आणि सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा) गोंद हे सांध्यासाठी ठिसूळ ठरतात; चोवीस तासांत वाळणारेच घ्यावे. हातमोजे घालावेत, आणि घासताना तोंडावर मास्क असावा.

सांध्याची मुळातली घडणही तपासण्यासारखी आहे. छपाईचा पहिला थर पाटावर किंचित पसरतो, त्यामुळे तुकड्याच्या तोंडाला बाहेरून बारीक ओठ येतो. दोन तुकडे जोडले की ते फक्त या ओठांवर टेकतात आणि आतल्या बाजूला गोंदाला भरता येणार नाही इतकी असमान फट राहते. आराखड्यात तोंडाच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरची तिरकी कड द्यावी, किंवा स्लायसरमध्ये पहिला थर तेवढा आत घ्यावा. सपाट तोंडाला सपाट तोंड लावण्याऐवजी खाच आणि जीभ असा सांधा द्यावा आणि गोंदासाठी ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोकळीक ठेवावी. घट्ट बसणारी जीभ गोंद पुसून बाहेर ढकलते. सांधा बरगडीवरच यावा, म्हणजे दोन अर्ध्या बरगड्या एकमेकींना चिकटतील. मात्र दोघींची मिळून रुंदी आपल्या क्लबच्या नियमपुस्तकातल्या मर्यादेत बसली पाहिजे, नाहीतर तळ्यावरच्या तपासणीत नौका अडवली जाते.

आता भिंतीच्या पोकळीकडे परत येऊ, कारण सांधे कितीही चांगले केले तरी टाकी शिल्लक असेपर्यंत हा आजार दबा धरून राहतो. नवा सांगाडा छापत असाल, तर पोकळी ठेवूच नका. ०.४५ मिलिमीटर रुंदीच्या आठ रेघा म्हणजे बरोबर ३.६ मिलिमीटर, आराखड्यात भिंत नेमकी तेवढीच जाड ठेवली की स्लायसर ती नुसत्या रेघांनी भरतो आणि जाळीला जागाच उरत नाही. भरीव भिंतीने वजन वाढेल अशी भीती अनेकजण घालतात. मी हिशेब केला: पोकळ चार मिलिमीटर भिंतीपेक्षा भरीव ३.६ मिलिमीटर भिंतीत पीईटीजी सुमारे तीनशे ग्रॅम जास्त लागते. म्हणजे जेवढे पाणी चोरून भरणार होते, तेवढेच वजन प्लॅस्टिकच्या रूपाने घेतले जाते, फरक इतकाच की ते तळाशी, दोन्ही बाजूंना सारखे आणि जागचे न हलणारे असते. एरवीही या नौकांच्या तळाशी शिसे ठेवावेच लागते. माझा दुसरा सांगाडा मी असाच केला, आणि पीएलए सोडून पीईटीजी घेतले, कारण ते ऐंशी अंशांच्या आसपासपर्यंत मऊ पडत नाही. एएसए हे तिसरे प्लॅस्टिक त्याहून वरचे तापमान सोसते, पण प्रिंटर बंद कपाटात ठेवून छापावे लागते आणि इतक्या मोठ्या तुकड्यांचे कोपरे उचलले जाण्याचा त्रास मला परवडला नाही.

लांबी उभी ठेवून छापण्याचा निर्णय मात्र बदलू नये. बूड खाली ठेवून आडवे छापले, तर बरगड्या खांबासारख्या थरावर थर चढत उभ्या राहतात आणि एका गोळीने थरांच्या सांध्यावर काडीसारख्या मोडतात. लांबी उभी असेल, तर प्रत्येक बरगडी स्वतः एका आडव्या चकतीसारखी छापली जाते आणि मार सोसते. बरगडीच्या खालच्या बाजूला पंचेचाळीस अंशांचा उतार दिला, तर आधारही फारसा लागत नाही. नाळेचा आणि पिछाडीचा तुकडा रुंद तोंड पाटावर ठेवूनच छापावा, म्हणजे आकार वर जाताना आत मिटत जातो.

जुना सांगाडा टाकून देण्याची गरज नाही. मी माझा वाचवला, आणि इथे एक उलटी वाटणारी गोष्ट करावी लागली: गळती बाहेरून बंद केली आणि आतून मुद्दाम उघडी केली. प्रत्येक तुकड्याच्या सर्वांत खोल जागी, पाणी पंपाकडे नेणाऱ्या मधल्या खाचेत, आतल्या कातडीला तीन मिलिमीटरची भोके पाडली. त्या भोकांतून पाणी ठिबकू दिले, मग पंख्यासमोर सांगाडा ठेवून रोज तोलत राहिलो. वजन सलग दोन दिवस स्थिर राहायला पाच दिवस लागले. हीटर किंवा भट्टी वापरू नये, पीएलए असेल तर मुळीच नाही. वाळल्यावर बुडबुड्यांच्या तिन्ही जागा आणि नंतर बुडाची संपूर्ण बाहेरची बाजू पातळ इपॉक्सीच्या दोन हातांनी मढवली. जलरोधक थर पाण्याचा दाब ज्या बाजूने येतो त्याच बाजूला असावा लागतो. आतून दिलेला थर पाण्याने ढकलला जाऊन सुटतो आणि भिंतीची टाकी करून ठेवतो. आतली भोके मी बुजवली नाहीत. पुन्हा कधी पाणी भिंतीत शिरलेच, तर ते कोंडून न राहता खाचेत उतरते, पंप ते बाहेर फेकतो, आणि मुख्य म्हणजे मला ते दिसते.

या भोकांमधून नंतर एकदा पाणी आलेच. आठवडाअखेरच्या दोन लढायांनंतर तिसऱ्या तुकड्याच्या भोकाखाली खाच ओली दिसली. फुंकून पाहिल्यावर बुडबुडे बरगडीच्या पायथ्याशी आले, जिथे एका गोळीने बाहेरचा इपॉक्सीचा थर नखाएवढा उडवला होता. तेवढी जागा घासून इपॉक्सी लावायला वीस मिनिटे लागली. सांगाड्याचे कोरडे वजन आता मी डेकच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवतो आणि बाल्सा बदलायला काढली की तोलून बघतो; मागच्या वेळी फरक चार ग्रॅम होता, आणि त्यातले बरेचसे शाफ्टच्या नळीत नव्याने भरलेले ग्रीस असावे.